स्वप्नातले पावशेर तूप

श्रीतुकोबारायांचे चरित्र माळकऱ्याला नव्याने सांगावे लागत नाही. देहू, इंद्रायणी, भंडाऱ्याचा डोंगर, तरलेल्या वह्या, बीजेचे वैकुंठगमन, हे सारे लेकराला बोलता येण्याआधी त्याच्या कानावर पडलेले असते. तरी या चरित्रात एक जागा अशी आहे की कीर्तनात तिथे फार थांबायला सवड मिळत नाही. दुष्काळ पडला, बायको गेली, मूल गेले, दिवाळे निघाले, वैराग्य आले, असे एका दमात सांगून बुवा भामगिरीवर चढतात आणि मागे टाळ सुरू होतात. पण दुष्काळ आणि डोंगर या दोहोंच्या मधे एक एकवीस-बावीस वर्षांचा माणूस उभा होता. जगाला क्षमा करणे त्याला जड नव्हते. स्वतःला कशी करावी हे मात्र त्याला उमगत नव्हते. ते तो कसे शिकला, एवढेच आज पाहू. त्याची वाट अखेर आपल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला येऊन मिळते, म्हणून या बाजूच्या वाचकांस हा विषय परका नाही.

जन्म देहूचा, शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८, असे बहुतेक जण धरतात. घर वाण्याचे, खाऊनपिऊन सुखी. गावच्या पेठेची महाजनकी, दुकान, थोडी सावकारी, शेतीवाडी, दारी गुरेढोरे. आणि पूर्वज विश्वंभरबाबांपासून चालत आलेले विठ्ठलाचे देऊळ व पंढरीची वारी. वडील बोल्होबा, मातुःश्री कनकाई. थोरले बंधू सावजी यांचे मन प्रपंचात नव्हते, म्हणून तेराव्या वर्षी दुकानाची गादी मधल्या तुकोबांकडे आली. धाकटे ते कान्होबा. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची कन्या जिजाबाई घरात आली. पोराने कारभार चांगला चालवला. मग सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. एकामागून एक.

आणि शके १५५२ उजाडले. इ. स. १६३० साली गुजराथ व दख्खन या दोन्हीकडे पावसाने पाठ फिरवली. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे निघालेला पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन लिहून गेला आहे. त्याच सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उजाड केले. म्हणजे देहूला जवळची तेवढी पेठही उरली नाही. धान्य मिळेना, मिळाले तर परवडेना. उधारी वसूल होईना, कारण कुळेच देशोधडीला लागलेली. दुकान बसले, पत गेली, गुरे गेली. रखमाबाई भुकेने गेली. थोरला मुलगा संतू गेला.

वाचकहो, इथे जरा थांबा. प्रपंचातल्या पुरुषाचे पहिले काम काय? घरात दाणा आणणे. आणि हा तर महाजन, ज्याच्या दुकानात गाव दाणा न्यायला येई. त्याच्याच घरात बायको अन्नावाचून मेली. पुढे संतमंडळींनी विचारले म्हणून तुकोबांनी आपली हकीकत एका अभंगात सांगितली आहे. तीत दुःखाच्या जोडीला लाजेचाही उल्लेख आहे. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. दुःख आणि लाज या दोन वस्तू वेगळ्या. दुःखाला सोबत मिळते. शेजारी भाकरी घेऊन येतात, बाया गळ्यात पडून रडतात. लाजेला सोबत नाही. ती माणसाला एकटे कोपऱ्यात बसवते आणि त्याच्या आत एक चावडी भरवते. फिर्यादी तोच, साक्षीदार तोच, पाटील तोच, आणि निकालही रोज तोच.

दुष्काळ काही त्यांनी पाडला नव्हता. मुरार जगदेवाला त्यांनी बोलावले नव्हते. हे त्यांना कोणी सांगितले नसेल काय? सांगितलेच असेल. पण आतल्या चावडीत बाहेरचा वकील चालत नाही.

चाळीस वर्षे आम्ही या मुलखात सप्त्यांना आणि दशक्रियेच्या प्रवचनांना जात आहोत. नदीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेपर्यंत जी मंडळी बसलेली असतात, त्यांत एक तरी असा असतो की जो कावळ्याकडे पाहत नाही, जमिनीकडे पाहतो. बुधवार, ३० जुलै २०१४ या दिवशी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या वेळी जे गावाबाहेर होते ते वाचले. असल्या आकांतातून उरलेला माणूस, मग तो कुठल्याही गावचा असो, रडतो ते गेलेल्यांसाठी. पण रात्री जागा राहतो तो निराळ्याच कारणाने. आपणच का उरलो, आदल्या दिवशी त्यांना बरोबर का नेले नाही, याचा हिशेब त्याचा सुटत नाही. जुन्नरात उसातून बिबट्या येतो आणि लेकरू नेतो. पुढे कित्येक वर्षे आई स्वतःला विचारते की त्या तिन्हीसांजेला आपण चुलीपाशी का बसलो. कुणी कर्ज काढून द्राक्षबाग उभी केली, माल भरात असता अवकाळी पाऊस झाला, आणि आता बायकोचे मोडलेले डोरले डोळ्यांपुढून हलत नाही. चूक खरी असो, अर्धी असो वा मुळीच नसो, शिक्षा मात्र पुरती चाललेली.

हल्लीच्या वैद्यकाने याचा विचार केला आहे, तो आमच्या लोकांनी ऐकून घ्यावा. स्वतःला नको तितका दोष देत राहणे, आपण कवडीमोल आहोत असे वाटणे, हे उदासीनतेच्या आजाराचे, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात त्याचे, एक लक्षण मानले आहे. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, कशात मन रमत नाही, आणि हे दोन आठवडे रोज चालले की तो माणसाचा स्वभाव म्हणून सोडून देऊ नये. दुखणे समजून डॉक्टरांना दाखवावे. त्याला औषध आहे, आणि बोलून करायचा उपचारही आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस नावाची सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही पैसा न देता आणि आपल्या मराठीत बोलता येते. जीव नकोसा झालेल्याने तर घटकाही न दवडता बोलावे. नाम घेणाऱ्याला गोळी कशाला, असे काही माळकरी म्हणतात. अहो, नाम घेणारा म्हातारा पोथी वाचायला चष्मा लावतोच की!

आमचे शिक्षण जुन्या वळणाचे, म्हणून धर्मशास्त्राचेही थोडे सांगतो. प्रायश्चित्त या शब्दाची फोड स्मृतिकार अशी करतात की प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय. त्यात स्वतःचा तिरस्कार कुठेच बसत नाही. दुसरी गोष्ट अशी की शास्त्राने प्रायश्चित्ताला माप घातले. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे, चांद्रायण एका महिन्याचे. तेरावा दिवस उजाडला की कृच्छ्र संपले. मग माणसाने उठून पंक्तीला बसायचे आणि गावाने त्याला पान वाढायचे. मन जे प्रायश्चित्त देते त्याला तेरावा दिवसच नसतो.

शास्त्राचे माप सुटले की काय होते, तेही आपल्या संप्रदायाने पाहिले आहे. संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परत आलेल्या विठ्ठलपंतांना आळंदीच्या शास्त्रीमंडळींनी देहान्त सांगितला, आणि ती दोघे नवराबायको प्रयागला गेली. त्याने काय साधले? चारही लेकरे पोरकी झाली, आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट चालावी लागली ती लागलीच. ज्या रेड्याच्या मुखातून ज्ञानोबा माउलींनी तिथे वेद बोलविले, त्याची समाधी आपल्या आळ्याला आहे. दर्शनाला जाणाऱ्यांनी त्या आईबापांचीही आठवण करावी. असो. देहूकडे वळू.

तुकोबा भामगिरीवर गेले, म्हणजे आजच्या खेड तालुक्यातल्या भामचंद्र डोंगरावर. प्रपंचाला पाठ दाखवली असे कोणी म्हणेल. पहिल्या दिवशी तसे असेलही. तोंड लपवायला माणूस डोंगरच शोधतो. पण त्यांनी तिथे स्वतःला मारत बसण्याऐवजी विठ्ठलाला हाक मारली. इकडे कान्होबा रानोमाळ शोधीत त्यांच्यापर्यंत पोचले. या धाकट्या भावाचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. खचलेल्या माणसाला उपदेश पुष्कळ मिळतो; त्याला शोधत डोंगर चढणारा एखादाच. त्याच्याबरोबर ते खाली आले, आणि इंद्रायणीकाठी बसून एक काम केले.

घरात कर्जखते होती, लोकांकडून येणे असलेली. तुकोबांनी त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली, कारण त्यांचा संसार होता आणि आपले वैराग्य भावाच्या माथी मारायचा आपणांस अधिकार नाही, हे भान या विरक्ताला होते. उरलेली अर्धी डोहात सोडली. ज्यांच्याकडे येणे होते तीही दुष्काळात होरपळलेलीच माणसे. त्यांच्याही घरांत कुणी रखमा, कुणी संतू गेले असतील. ती दिवाळखोर झाली म्हणून वाईट नव्हती, हे तुकोबांना दिसले, आणि त्यांची खते पाण्यात गेली. आमची समजूत अशी की त्याच वेळी त्यांच्या स्वतःच्या खताचीही शाई थोडी फिकी झाली. तशाच दिवाळ्यात सापडलेल्या शेजाऱ्याला निर्दोष मानायचे आणि आपण एकट्यानेच अपराधी राहायचे, हे फार दिवस जमत नाही. जमले तर त्यात एक प्रकारचा ताठा असतो. आपला अपराध तेवढा देवालाही न पेलण्याजोगा मोठा, असा!

मग त्यांनी हातांना काम दिले. विश्वंभरबाबांचे देऊळ पडझडीला आले होते, ते स्वतः माती कालवून उभे केले. पुढे एकादशीची कीर्तने. तेव्हा त्यांना कीर्तनाचा अभ्यास नव्हता, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पूर्वीच्या संतांची वचने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. ज्याच्या वाणीवर आज आमची पोटे चालतात तो आरंभी मागच्या ओळीतला टाळकरी होता. लाजेने खाली गेलेल्या माणसाला एकदम वीणा गळ्यात घालून पुढे उभे करू नये. मागे उभे राहू द्यावे. चार जणांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळू द्यावा.

जिजाईंविषयी दोन शब्द सांगितल्याखेरीज पुढे जाववत नाही. कीर्तनात हशा पिकवायला या माउलीला कजाग करण्याची रीत पडली आहे. आम्हांस ती आवडत नाही. दुष्काळातून तीही गेली होती, सवतीचे मरण तिने डोळ्यांनी पाहिले होते, आणि नवरा डोंगरावर असता चूल पेटती ठेवून भाकरी घेऊन चढणारी तीच होती. तिला खते बुडवायला नव्हती. ती चिडली तर चिडली.

आणखी एक. दिवाळे निघाले ते बरेच झाले, दुष्काळाने पीडा दिली तेही बरेच झाले, अशा अर्थाचे तुकोबांचे बोल प्रसिद्ध आहेत. ते बोल आधीचे नव्हेत, मागाहूनचे. आणि ज्याचे त्याने स्वतःविषयी म्हणायचे. दहाव्याच्या घाटावर बसलेल्या बापापुढे ते म्हणणाऱ्या बुवाने आधी त्या बापाच्या तोंडाकडे पाहावे.

आता स्वप्नाची गोष्ट. माघ शुद्ध दशमी, वार गुरुवार, असा दिवस तुकोबांनी स्वतःच नोंदला आहे. स्वप्नात ते गंगास्नानाला निघाले असता वाटेत सद्गुरू भेटले. त्यांनी मस्तकावर हात ठेवला आणि भोजनासाठी पावशेर तूप मागितले. एवढेच मागणे. आणि तुकोबा ते विसरले. स्वप्नातच विसर पडला. गुरूंनी राघव चैतन्य, केशव चैतन्य अशी परंपरेची खूण सांगितली, आपले नाव बाबाजी सांगितले, राम कृष्ण हरि हा मंत्र दिला, आणि ते घाईने निघून गेले. आपल्या हातून काही अंतर पडले म्हणून तर ही त्वरा झाली नसेल, अशी शंका तुकोबांनी त्या अभंगात उघड मांडली आहे.

थोडा विचार करा. ज्याच्या घरात बायको अन्नावाचून गेली, त्याच्या स्वप्नात गुरू येतो, तो जेवायला मागतो, आणि त्याला देणे होत नाही. जुनी जखम नेमकी त्याच जागी उघडली. दुसरा कोणी असता तर जागा होऊन त्याने कपाळ बडवले असते, की एवढेसे तूपही आपल्या हातून वाढले गेले नाही, आपण कोणाच्याच पानात काही वाढण्याच्या लायकीचे नाही. आतल्या चावडीला तर असा पुरावा हवाच असतो. तुकोबांनी काय केले? विसर पडला हे लपवले नाही. तुपाचा उल्लेख गाळून अनुग्रहाची गोष्ट सांगणे सहज शक्य होते. चेले तेच करतात. त्यांनी तूपही सांगितले आणि मंत्रही सांगितला. आपल्याकडून सेवा घडली नाही आणि तरीही कृपा झाली, ही दोन्ही विधाने त्यांनी शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांतले एकही खोडले नाही. गुरू घाईने गेले खरे, पण जाताना मंत्र परत घेऊन गेले नाहीत. तूप राहिले म्हणून मस्तकावरचा हात खोटा ठरला नाही.

स्वतःला क्षमा करणे म्हणजे काय, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही या स्वप्नाकडे बोट दाखवतो. राहिले ते राहिले असे चारचौघांत म्हणता येणे, आणि मिळाले ते आपले आहे असे धरून सकाळी उठणे. यातला पहिला अर्धा सोडला तर तो निर्लज्जपणा होतो. दुसरा सोडला तर आजार.

या बाबाजी चैतन्यांची समाधी ओतूरला, मांडवी नदीच्या काठी, कपर्दिकेश्वराच्या सान्निध्यात आहे. केशव चैतन्य आणि बाबाजी हे एकच, असेही कित्येक जण मानतात. तो वाद शोधकांचा. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराची यात्रा भरते, तांदळाच्या पिंडी पाहायला माणूस लोटते. पिंडी पाहून झाल्या की समाधीपुढेही घटकाभर बसावे. गर्दी तिकडे कमी असते, आणि ज्याला जमिनीकडे पाहत बसायचे आहे त्याला तिथे कोणी हटकत नाही.

तुकोबांच्या आयुष्यात पुढे एक माणूस आला, त्याची गोष्ट सांगितल्यावाचून हे प्रकरण पुरे होत नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट मोठे विद्वान. त्यांच्या सांगण्यावरून तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या डोहात एके काळी खते सोडली त्याच नदीत आता कविताही गेली. तेरा दिवस तुकोबा काठावर धरणे धरून बसले आणि वह्या कोरड्या निघाल्या, असे संप्रदाय सांगतो. ताहराबादच्या महिपतीबुवांनी हे सारे रसाळपणे गायिले आहे. इकडे रामेश्वर भट्टांच्या अंगाचा दाह सुरू झाला. पुण्याला अनगडशहा फकिराच्या बागेतल्या पाण्यात स्नान केले, त्याचा शाप बाधला, अशी कथा आहे. शाप असेल, पण वह्या बुडवणाऱ्या पंडिताच्या अंगाची आग नुसत्या पाण्याने लागलेली नसावी, असे म्हणायला आम्ही धजतो. किती लेप लावले, ओले पंचे गुंडाळले, गुण येईना. अखेर ते आळंदीला माउलींच्या पायांशी जाऊन बसले. तिथे स्वप्नात खूण पटली की इलाज देहूला आहे.

ज्याचा अपराध केला त्याच्याच दारी जायचे, याहून अवघड वाट नाही. त्यांनी आधी पत्र पाठवले. तुकोबांनी उत्तरादाखल एक अभंग लिहून दिला. त्यात वह्यांची तक्रार नव्हती की माफीची भाषा नव्हती. मन शुद्ध असले तर वैरीही मित्र होतो, एवढाच त्याचा आशय. तो वाचता वाचता दाह शमला. पुढे रामेश्वर भट्ट देहूला आले आणि तिथलेच होऊन राहिले. त्यांनी आपली विद्या टाकली नाही, आपण कोण होतो हे लपवले नाही, आणि केलेल्या कामापायी उरलेला जन्म अंधारातही घालवला नाही. तुकोबांच्या मागे टाळकऱ्यांत उभे राहिले. आज संप्रदायात तुकोबांची जी आरती म्हणतात, ती याच रामेश्वर भट्टांची आहे. शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव आहे. वह्या बुडवल्या त्यांचेच हे नाव, हे म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांच्या ध्यानातही नसते; ते डोळे मिटून टाळ्या वाजवीत ते नाव म्हणतात आणि निरांजनावर हात फिरवून तोंडावर घेतात.